३९ गुण मिळवणारी जोडी धोक्यात आणि २१ वाली सुरक्षित: हे कसलं गणित?

सासूबाई सांगलीहून आमच्याकडे लंडनमधल्या हाउन्सलोला आल्या, तेव्हा ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेचा हंगाम ऐन रंगात होता. शनिवारी संध्याकाळी सगळं आवरून आम्ही टीव्हीसमोर बसायचो. आई पायाला तेल चोळत बघायच्या, आणि दोन आठवड्यांत त्यांना स्पर्धकांची नावं माझ्यापेक्षा जास्त पाठ झाली. एका रविवारी निकाल लागला आणि त्या तेलाची वाटी बाजूला ठेवून ताठ बसल्या. “अगं, काल त्या मुलीला एवढे गुण पडले, आणि आज तीच धोक्यात? तो सारखा चुकणारा गृहस्थ मात्र राहिला! हे लोक बेरीज तरी नीट करतात ना?”

बेरीज नीटच करतात. पण आपल्याला वाटतं त्या आकड्यांची करत नाहीत. रविवारी रात्री इथल्या मराठी घरांत हाच प्रश्न विचारला जातो, आणि भारतात ‘झलक दिखला जा’ बघणाऱ्यांनाही तो पडतो. म्हणून जरा मुळापासून सांगते.

## आधी कार्यक्रमाची ओळख

बीबीसीवर हा कार्यक्रम मे २००४ मध्ये सुरू झाला. प्रत्येक जोडीत एक नामवंत असतो, म्हणजे नट, खेळाडू, बातमीदार किंवा विनोदी कलाकार, आणि दुसरा किंवा दुसरी व्यावसायिक नर्तक. दर आठवड्याला बहुधा नवा नाच शिकायचा आणि शनिवारी साधारण दीड मिनिट सादर करायचा. चार जज प्रत्येकी दहापैकी गुण देतात, म्हणजे एकूण चाळीसपैकी. मग लोक मत देतात. दोन्ही मिळून ज्या दोन जोड्या तळाला जातात त्या पुन्हा नाचतात. त्याला डान्स-ऑफ म्हणतात, आणि तिथे कोणाला ठेवायचं ते जज ठरवतात. जज दोन-दोन असे विभागले गेले तर मुख्य जजचा शब्द शेवटचा. २०१७ पासून त्या खुर्चीत शर्ली बॅलस आहेत.

अमेरिकेत हाच साचा २००५ मध्ये ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ नावाने गेला आणि २००६ मध्ये भारतात ‘झलक’ म्हणून आला. ‘नच बलिये’ मात्र वेगळा, कारण तिथे प्रत्यक्ष आयुष्यातल्या जोड्या नाचतात. त्याचं पहिलं पर्व २००५ मध्ये आपल्या सचिन आणि सुप्रिया पिळगांवकरांनी जिंकलं, आणि २०१५ मध्ये अमृता खानविलकर व हिमांशू मल्होत्रा यांनी.

## जज बघतात तरी काय?

आपल्याला दिसतं ते हसू, कपडे आणि गिरक्या. जजची नजर आधी पायांवर आणि हातांच्या चौकटीवर जाते.

वॉल्ट्झ घ्या. ठेका तीनचा. ज्यांनी लहानपणी पेटी-तबल्याच्या क्लासला दादरा ऐकलाय, त्यांना ‘धा धी ना, धा ती ना’ या वळणाने तो लगेच कळेल. पहिल्या मात्रेवर लांब पाऊल, दुसरीवर वर चढायचं, तिसरीच्या शेवटी हळूच खाली यायचं. समुद्राची लाट वाळूवर येऊन ओसरते तसं. पुढे टाकलेलं पाऊल टाचेवर पडलं पाहिजे. नवशिका चवड्यावर पाऊल टाकतो आणि तिथेच गुण जातात. टँगोत याच्या उलट, चढउतार अजिबात नाही. गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे, चाल मांजरीसारखी आणि मधेच झटका. व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये ठेका तीनचाच, पण वेग साध्या वॉल्ट्झच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे गिरक्या घेता घेता डोकं गरगरतं.

लॅटिन नाचांची गोष्ट निराळी. चा-चा-चामध्ये चौथी मात्रा फोडून तीन झटपट पावलं येतात. सांबामध्ये सगळं अंग स्प्रिंगसारखं उसळत राहतं. जाईव्हमध्ये लाथांसारखे पाय फेकायचे, आणि एका मिनिटात माणूस धापा टाकायला लागतो. रुंबा संथ असतो, म्हणून सोपा वाटतो. पण संथ लयीत लपायला जागाच नसते. नितंबांची हालचाल तिथे मुद्दाम हलवून होत नाही. गुडघा सरळ झाला आणि वजन त्या पायावर गेलं की ती आपोआप येते. हे चार दिवसांत शरीरात उतरवणं फार अवघड आहे. पासो डोब्लेमध्ये पुरुष बैलाशी झुंजणारा मॅटाडोर होतो आणि बाई बहुतेक वेळा त्याच्या हातातलं लाल कापड.

आता चौकटीबद्दल. जोडीने एकमेकांना धरण्याच्या पद्धतीला होल्ड म्हणतात. आपल्या लावणीत नर्तकी प्रेक्षकांकडे बघून नाचते, गरब्यात सगळे गोलात फिरतात, आणि गोव्याच्या मांडोत बाया-पुरुष समोरासमोर दोन रांगांत असतात. त्यामुळे छातीला छाती लावून, एकाने मागे चालत नाचायचं, ही कल्पना आपल्याकडे फारशी मुरलेली नाही. अपवाद गोव्याचाच. तिथल्या ख्रिस्ती लग्नांत वॉल्ट्झ कित्येक पिढ्या नाचला जातोय, त्यामुळे तिथल्या आजीआजोबांना होल्ड म्हणजे काय ते कोणी समजावून सांगायला नको.

बाकीच्यांनी हा प्रयोग घरी करून बघा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत वर उचला, कोपरं बाहेर काढा, आणि दीड मिनिट तसेच ठेवा. मी आईंना करायला लावलं. पाऊण मिनिटात त्यांची कोपरं खाली यायला लागली आणि त्या म्हणाल्या, “आणि यात तो हसतोय!” हे करताना समोरच्या माणसाशी बोलायची सोय नसते. चाळीच्या जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवताना खालचा माणूस उलटा चालतो आणि वरच्याच्या हाताच्या दाबावरून त्याला कळतं की आता वळायचंय. होल्ड हे अगदी तसंच काम आहे. दोघांच्या अंगात फट पडली की निरोप पोचत नाही. जज ज्याला ‘गॅपिंग’ म्हणून टोकतात ती हीच फट.

## पण एकाचा जाईव्ह आणि दुसरीचा रुंबा, तुलना कशी करणार?

आक्षेप अगदी बरोबर आहे. एकाला भूमितीचा पेपर, दुसरीला संस्कृतचा, आणि दोघांचा एकच निकाल. जज प्रत्येक नाच त्याच्या त्याच्या नियमांनी तपासतात. सालसात, चार्ल्सटनमध्ये किंवा अमेरिकन स्मूदमध्ये जोडीदाराला उचललं तर कौतुक होतं, आणि तीच उचल वॉल्ट्झमध्ये आली तर गुण कापले जातात. तरीही पूर्ण न्याय होतो असं मी म्हणणार नाही. पहिल्याच आठवड्यात चार्ल्सटन वाट्याला आलेल्याला लोकांना हसवायची संधी मिळते, आणि रुंबा वाट्याला आलेल्याच्या उणिवा उघड्या पडतात. पण हंगाम तीन महिन्यांचा असतो, आणि टिकून राहणाऱ्याच्या वाट्याला अवघड पेपर कधी ना कधी येतोच.

## खरी गोम: गुण मोजत नाहीत, नंबर मोजतात

आईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पडद्यावर दिसणारे ३९, ३१, २१ हे आकडे शेवटच्या बेरजेत जातच नाहीत. त्यांच्यावरून फक्त नंबर लावला जातो.

आपल्या शाळेत प्रगतिपुस्तकावर टक्के असायचे आणि वर्गातला नंबरही असायचा. पहिल्या मुलीला ९५ टक्के आणि दुसरीला ९४, किंवा पहिलीला ९५ आणि दुसरीला ६०. दोन्ही वेळी नंबर पहिला आणि दुसराच. मधलं अंतर नंबर गिळून टाकतो.

मी बेतलेलं उदाहरण घेऊ. चार जोड्या आहेत. जजनी पहिलीला ३९ दिले, दुसरीला ३८, तिसरीला ३७ आणि चौथीला २१. जोड्या चार, म्हणून सगळ्यात वरच्या जोडीला नंबराचे ४ गुण, पुढे ३, २ आणि १. म्हणजे ३९ आणि ३८ मधला फरक एक, आणि ३७ आणि २१ मधला फरकही एकच! सोळा गुणांची दरी एका झटक्यात बुजली.

आता लोकांच्या मतांचेही असेच नंबर लावतात. समजा २१ वाली जोडी लोकांना सगळ्यात आवडली, तिला ४. त्यानंतर ३८ वालीला ३, ३७ वालीला २, आणि ३९ वालीला १. ‘ती काय, उत्तमच नाचली, राहणारच’ असं म्हणून लोकांनी तिला मत दिलंच नाही. हे दरवर्षी घडतं.

बेरीज करू. ३९ वालीचे ४ आणि १ मिळून ५. ३८ वालीचे ३ आणि ३, म्हणजे ६. ३७ वालीचे २ आणि २, म्हणजे ४. २१ वालीचे १ आणि ४, म्हणजे ५. दोन जोड्या पाचावर अडकल्या. बरोबरी झाली की लोकांच्या मतांत जी वर, ती वर, असा नियम आहे. म्हणून २१ वाली घरी जाऊन निवांत झोपली, आणि डान्स-ऑफमध्ये नाचताहेत ३९ आणि ३७ वाल्या. त्यातली एक जाणार. जजना २१ वालीला हात लावायची संधीच मिळत नाही.

यातून आणखी एक गोष्ट कळते. क्रेग रेव्हेल हॉरवूड हे पहिल्या हंगामापासूनचे जज, हात आखडता घेण्याबद्दल प्रसिद्ध. पण त्यांनी सगळ्यांनाच एकेक गुण कमी दिला तर निकालावर शून्य परिणाम होतो, कारण नंबर तेच राहतात. त्यांच्या तिखट बोलण्यावर आपण उगाच इतकं रक्त आटवतो. खरा धोका मधल्या गर्दीत असतो. ३१, ३०, ३०, २९ अशी रांग लागली की एका जजने दिलेला एक कमी गुण माणसाला एक पायरी खाली नेऊ शकतो.

## हेच गणित २००८ मध्ये फसलं

त्या डिसेंबरात उपांत्य फेरीला तीन जोड्या उरल्या होत्या. नट टॉम चेंबर्स, गायिका रेचल स्टीव्हन्स आणि मॉडेल लिसा स्नोडन. जजच्या गुणांत रेचल आणि लिसा बरोबरीत वर आल्या, टॉम तळाला. दोघींना नंबराचे ३-३ गुण दिले गेले आणि टॉमला १.

आता कागद-पेन्सिल घ्या. लोकांनी टॉमला डोक्यावर घेतलं तरी त्याला जास्तीत जास्त ३ मिळणार, म्हणजे एकूण ४. बाकीच्या दोघींपैकी एकीला लोकांकडून २ मिळून ५ होणार आणि दुसरीला १ मिळून ४. तीन जोड्यांतल्या तळाच्या दोन नाचणार होत्या, आणि पाचावर फक्त एकच जोडी पोचत होती. म्हणजे लाखो लोकांनी फोन केले असते तरी टॉम डान्स-ऑफमधून सुटू शकत नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा मतदान सुरू झालं होतं, आणि त्या काळी फोनच्या मताला पैसे पडायचे. बीबीसीने त्या दिवशीचा डान्स-ऑफच रद्द केला आणि तिन्ही जोड्या अंतिम फेरीत पाठवल्या. अंतिम फेरी टॉम चेंबर्सने जिंकली.

बरोबरीनंतरच्या जोडीला १ ऐवजी २ दिले असते तर टॉम २ आणि ३ मिळून पाचावर गेला असता आणि लोकांच्या मतांच्या जोरावर सुटला असता. एका पायरीची ही गोष्ट. पण वर्षभर ज्याच्यावर माणसं काम करतात त्या कार्यक्रमात कोणीतरी ती आधी कागदावर मांडून बघायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं.

## मग टक्केवारी का नाही धरत?

धरता येते. अमेरिकेच्या कार्यक्रमाने कित्येक वर्षं तेच केलं. जजनी वाटलेल्या सगळ्या गुणांतला तुमचा वाटा किती टक्के, लोकांच्या मतांतला किती टक्के, आणि दोन्हींची बेरीज.

वरच्याच चार जोड्या घ्या. जजनी वाटलेले एकूण गुण १३५. त्यात ३९ वालीचा वाटा सुमारे २८.९ टक्के, मग २८.१, २७.४ आणि २१ वालीचा १५.६. लोकांची मतं अनुक्रमे २२, २५, २३ आणि ३० टक्के पडली असं धरू. नंबर लावले तर हाच मघाचा क्रम येतो. पण टक्क्यांची बेरीज होते ५०.९, ५३.१, ५०.४ आणि ४५.६. आता २१ वाली सगळ्यात खाली, तिच्यासोबत ३७ वाली, आणि ३९ वाली सुखरूप! नाच तोच, मतं तीच, निकाल वेगळा.

म्हणजे टक्केवारी जास्त न्याय्य? तसंही नाही. तिथे एखाद्याला निम्मी मतं पडली तर जजनी कमी गुण दिले तरी तो सहसा बुडत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये रेडिओ निवेदक बॉबी बोन्स जजच्या कमी गुणांनिशी जिंकला, आणि पुढच्याच हंगामापासून तळाच्या दोघांतून एकाला वाचवायचा अधिकार जजना देण्यात आला. नंबराच्या पद्धतीत लोकप्रियतेलाही मर्यादा असते. कितीही मतं पडली तरी पहिला नंबर तो पहिलाच. मला स्वतःला ही मर्यादा बरी वाटते.

## लोक सहानुभूतीने मत देतात, मग नाचाला किंमत काय?

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय, आणि अर्धा खरा आहे. २००८ मध्येच जॉन सार्जंट या ज्येष्ठ राजकीय पत्रकाराने जोडीदारीण क्रिस्टिना रिहानॉफला पासो डोब्लेमध्ये अक्षरशः फरशीवरून ओढत नेलं. जज त्यांना तळाला ठेवायचे आणि लोक दर आठवड्याला वाचवायचे. शेवटी नोव्हेंबरात त्यांनी स्वतःच माघार घेतली, कारण ते खरोखर जिंकतील अशी भीती त्यांना वाटायला लागली होती.

पण २०२१ ची रोझ आयलिंग-एलिस बघा. ती जन्मापासून बहिरी. जोडीदार जोव्हानी पर्नीचे. संगीत तिला आपल्यासारखं ऐकू येत नव्हतं, म्हणून मात्रा मोजून आणि जोडीदाराच्या अंगाचा इशारा ओळखून ती नाचली. सहाव्या आठवड्यात तिच्या टँगोला चाळीसपैकी चाळीस पडले, आणि इतक्या लवकर तोवर कोणालाच पडले नव्हते. ही काही दया नाही. पुढे एका नाचात मधेच संगीत पूर्ण बंद झालं आणि ती दोघं त्या शांततेत नाचत राहिली. आमच्या खोलीत त्या क्षणी कोणी श्वाससुद्धा जोरात घेतला नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाचं जग काय असतं, ते लाखो ऐकणाऱ्यांना काही सेकंदांत कळलं. २०२४ मध्ये दृष्टिहीन विनोदकार ख्रिस मॅककॉसलंड डायॅन बझवेलबरोबर जिंकला. एखादी मुद्रा डोळ्यांनी न बघता, निव्वळ शब्दांवरून आणि स्पर्शावरून शिकणं म्हणजे काय, याचा विचार करा.

जज आणि लोक दोन वेगळे प्रश्न सोडवत असतात. आज कोण जास्त चांगलं नाचलं, हे जज बघतात. पहिल्या आठवड्यापासून कोण किती लांब चालत आलं, हे लोक बघतात. म्हणून आधीच नृत्यशाळेत शिकलेल्या स्पर्धकाला ३८ मिळूनही लोकांची मतं कमी पडतात. आधीचं शिक्षण असणं हा काही गुन्हा नाही. पण त्याचा फायदा जजच्या कागदावर जितका होतो तितकाच तोटा मतपेटीत होतो, आणि हे मला वाईट वाटत नाही.

## आणि मतं जाहीर का करत नाहीत?

इथे मात्र माझी तक्रार आहे. बीबीसी मतांचे आकडे सांगत नाही. तळाच्या दोन जोड्यांची नावं घेतानाही कोण शेवटची हे कळू देत नाहीत. हंगाम चालू असताना आकडे लपवणं मला समजतं. ‘अमुक जोडी शेवटची’ असं कळलं तर पुढच्या आठवड्यात लोक आकड्याकडे बघून मत देतील. पण अंतिम फेरी झाल्यावर सगळ्या आठवड्यांचे नंबर तरी जाहीर करावेत. २००८ मध्ये जे झालं त्यानंतर प्रेक्षकांचा तेवढा हक्क आहे.

अंतिम फेरीचा नियम तर आणखी सरळ आहे. तिथे जज गुण देतात, पण ते फक्त आपल्या माहितीसाठी. विजेता केवळ लोकांच्या मतांवर ठरतो. चाळीस पडोत नाहीतर तीस, बेरीजच नाही.

हे सगळं आईंना एका शनिवारी सांगितलं. त्यांनी सांगलीहून आणलेल्या कालनिर्णयचं उलटून गेलेलं पान फाडलं आणि मागच्या बाजूला जोड्यांची नावं उभी लिहिली. शेजारी जजचे नंबर, आणि त्याच्या शेजारी लोकांच्या नंबरांचा स्वतःचा अंदाज. बरोबरी आली तिथे पेन्सिलीने गोल केला. रविवारी त्यांच्या दोन नावांपैकी एक बरोबर निघालं. पुढच्या आठवड्यासाठी त्यांनी दुसरं पान फाडून ठेवलं.